युकेत डब्यातला तांदूळ संपत आला तर: फूड बँकेत कसं जायचं

फेब्रुवारीत रात्री दीड वाजता एका मुलाचा मेसेज आला, आमच्या देवगडकडचाच, युकेत मास्टर्स करतोय. "ताई जागी आहेस का? घरी सांगू नको, पण तू तिकडे असताना फूड बँकेत गेली होतीस ना, ते कसं करायचं?" आपल्याकडे दीड म्हणजे तिकडे रात्रीचे आठ. मी आधी विचारलं आज खाल्लं काय, तर म्हणाला दुपारी दोन टोस्ट. मग तासभर मी टाईप करत बसले, आणि तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं. कारण दरवर्षी गणपती झाले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पोरं बॅगा भरून निघतात, त्यातल्या कोणाला तरी जानेवारी-फेब्रुवारीत हा प्रश्न पडतोच, आणि विचारायचं कोणाला हे कळत नाही.

मी सप्टेंबर २०२३ ला गेले होते. वडिलांची हापूसची थोडी कलमं, बाकी एज्युकेशन लोन. फूड बँकेत मी तीनदा गेले. पहिल्यांदा जायच्या आधी त्या दारासमोरून दोन वेळा नुसती चालत पुढे गेले होते, पाय आत वळेनात. तुमचे ते दोन फेरे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

आधी हे नक्की काय असतं ते. बँक म्हटलं तरी तिथे खातं बिथं काही नसतं. लोक आणि दुकानं डबाबंद धान्य, टिनचे पदार्थ दान करतात, ते एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये किंवा कम्युनिटी सेंटरमध्ये साठवतात आणि ज्याच्या घरात खायला नाही त्याला साधारण तीन दिवसांचं पार्सल बांधून देतात. चालवणारे बहुतेक सगळे व्हॉलंटियर, रिटायर झालेल्या आज्या-आजोबा जास्त. तिथल्या सगळ्यात मोठ्या नेटवर्कचं नाव ट्रसेल. पॅडी आणि कॅरोल हेंडरसन या नवराबायकोनं १९९७ मध्ये ही संस्था काढली ती खरं तर बल्गेरियातल्या मुलांसाठी. २००० साली त्यांच्याच गावच्या, म्हणजे सॉल्झबरीच्या एका बाईचा फोन आला की माझी मुलं आज उपाशी झोपणार आहेत, तुम्ही इथे काय करताय? तेव्हा त्यांनी घराच्या बागेतल्या शेडमध्ये पहिली फूड बँक सुरू केली. २०१०-११ मध्ये साठेक हजार लोकांना त्यांनी धान्य दिलं होतं. २०२३-२४ मध्ये पार्सलांचा आकडा ३१ लाखांवर गेला आणि २०२४-२५ मध्ये सुमारे २९ लाख, त्यातली १० लाखांहून जास्त लहान मुलांसाठी. आणि हे फक्त एका नेटवर्कचं, स्वतंत्र चालणाऱ्या फूड बँका वेगळ्याच, त्याही शेकड्यांनी आहेत.

एवढ्या श्रीमंत देशात हे का, असं मला पण वाटायचं. तिथे बसून बाकीच्यांशी बोलले तेव्हा थोडं थोडं कळलं. भाडं आणि लाईट-गॅसचं बिल पगारातला मोठा भाग खातं, २०२२ नंतर तर विजेचे आणि किराण्याचे भाव फारच वाढले. सरकारी भत्ता, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, नवीन अर्ज केला की पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात. बाकी सगळं भागवून जे उरतं ते खाण्यासाठी, आणि काही उरलंच नाही तर कात्री लागते ती ताटालाच. माझ्या बाजूला रांगेत एक केअर होममध्ये काम करणारी बाई होती, गणवेशातच आलेली, शिफ्ट संपवून. म्हणजे नोकरी असून.

आपल्याकडे रेशनवर माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो, हे २०१३ च्या कायद्यानं मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून तर ते फुकटच आहे. दुकानदारानं नाही दिलं तर तहसीलला तक्रार करता येते. ब्रिटनमध्ये युद्धाच्या वेळचं रेशन १९५४ मध्ये बंद झालं आणि आता तसं काही नाही. फूड बँक हा हक्क नाही, शेजाऱ्यानं दिलेलं आहे. म्हणून तिथे जाताना आपण वागायचं कसं, मागायचं किती, याला महत्त्व आहे, त्यावर पुढे लिहितेच.

व्हिसाची भीती

हे पहिल्यांदा क्लिअर करते कारण त्या मुलाचा दुसरा प्रश्न हाच होता, आणि माझा पण हाच होता. स्टुडंट व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" अशी अट असते. पब्लिक फंड्स म्हणजे सरकारी भत्ते, युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट वगैरे. ते तुम्ही घ्यायचे नाहीत. फूड बँक संस्था चालवतात, ती त्या यादीत येत नाही, तिथून धान्य घेतल्यानं व्हिसाची अट मोडत नाही. युनिव्हर्सिटीचा हार्डशिप फंड, म्हणजे पैशाच्या अडचणीत आलेल्या विद्यार्थ्यांना ती देते ती मदत, पण पब्लिक फंडात येत नाही. रूममेट काहीही सांगू दे, व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही येऊ दे, शंका असेल तर युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ॲडव्हाइसवाल्यांना विचारा, ते फुकट सांगतात.

आणखी एक, स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम नाही. पैसे संपले की कोणीतरी "कॅशवर काम आहे, तास मोजत नाही" म्हणून सांगायला येतो. ते करू नका. धोका त्यात आहे, फूड बँकेत जाण्यात नाही.

कधी जायचं

आपली सगळ्यांची चूक इथेच होते. डबा पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबतो. मी पण थांबले. ख्रिसमसपर्यंत रेस्टॉरंटमध्ये शिफ्टा भरपूर मिळत होत्या, जानेवारी लागला आणि आठवड्याला एक शिफ्ट, कधी ती पण नाही, झीरो अवर्स कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काम असलं तर बोलावतात नाहीतर नाही, त्यांची काही बांधिलकी नसते. भाडं मात्र १ तारखेला जायचंच. मी आधी दूध बंद केलं, मग भाज्या, मग नाश्ता, मग असं करायला लागले की दुपारी चारला एकदाच जेवायचं म्हणजे दोन्ही वेळचं भागतं. लायब्ररीत वाचलेलं डोक्यात शिरायचं नाही, आणि मला वाटायचं थंडीमुळे होतंय. थंडीमुळे नव्हतं होत.

तर हिशोब असा ठेवा. आपल्या आया मे महिन्यात पावसाची बेगमी करतात, तांदूळ किती, सुकी मासळी किती, लाकडं किती, हे पाऊस यायच्या आधी मोजतात, पाऊस सुरू झाल्यावर नाही. तसंच महिन्याच्या २० तारखेला डबे उघडून बघायचं. भाडं गेल्यावर हातात जे राहणार त्यात पुढचे दोन आठवडे दोन वेळचं खाणं बसत नसेल तर त्याच दिवशी मेल टाकायचा. कारण तुम्ही विचारल्यापासून हातात पिशवी येईपर्यंत दोन-तीन दिवस, कधी आठवडा जातो. फूड बँक रोज उघडी नसते, आमची मंगळवार आणि शुक्रवार दोन-दोन तास असायची.

जायचं कसं

बऱ्याच फूड बँकांना रेफरल लागतं, म्हणजे फूड बँकेच्या ओळखीच्या एखाद्या संस्थेनं लिहून द्यायचं की हो, याला गरज आहे. त्याला व्हाऊचर म्हणतात, हल्ली ईमेलवर किंवा मेसेजवर कोड येतो. हे देऊ कोण शकतं? स्टुडंटसाठी सगळ्यात सोपं म्हणजे युनिव्हर्सिटीची स्टुडंट सपोर्ट टीम किंवा स्टुडंट्स युनियनचं ॲडव्हाइस सेंटर. तिथे नाही जमलं तर सिटिझन्स ॲडव्हाइस नावाची संस्था आहे, जवळपास प्रत्येक शहरात त्यांचं ऑफिस असतं. तुमचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, तो पण देऊ शकतो, म्हणून गेल्या गेल्या जीपीकडे नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. यातलं काहीच हाताशी नसेल तर सरळ जवळच्या फूड बँकेला फोन करा आणि विचारा की मला रेफरल कोण देईल, ते नाव सांगतात. स्वतंत्र फूड बँकांपैकी काहींना रेफरल लागतच नाही, नुसतं गेलं तरी चालतं. शोधायला आपल्या पोस्टकोडसकट "फूड बँक" असं टाकून सर्च करा, वेळा मात्र त्यांच्या स्वतःच्या पेजवर बघा, मॅपवर जुन्या राहिलेल्या असतात.

मेलमध्ये काय लिहायचं यावर मी दोन तास घालवले होते. एवढंच लिहा, "आय ॲम अ स्टुडंट हिअर, आय डोन्ट हॅव इनफ मनी फॉर फूड धिस वीक, कॅन यू रेफर मी टू अ फूड बँक?" बस. पुढची माफी, वडिलांच्या आंब्याला मोहोर कसा कमी आला, लोनचा हप्ता, हे काही लिहायची गरज नाही. ते फोन करतात किंवा बोलावतात, नाव, पत्ता, घरात किती जण, अडचण कशामुळे आली, एवढं विचारतात. खरं सांगा, कमी-जास्त करू नका. माझ्याशी बोलली ती बाई म्हणाली की तू तिसरी आहेस आज सकाळपासून.

त्याच भेटीत हार्डशिप फंडाबद्दल नक्की विचारा. काही युनिव्हर्सिट्या परदेशी विद्यार्थ्यांना पण देतात, काही देत नाहीत, पण विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. मला मिळालेला तो फंड छोटाच होता पण त्याच्यावर माझा मार्च निघाला.

ख्रिसमसच्या वेळी लक्ष ठेवा. युनिव्हर्सिटीची ऑफिसं बंद, फूड बँकांच्या वेळा बदललेल्या, रेफरल देणारं कोणी जागेवर नाही. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच हे काम उरका.

आत गेल्यावर

सोबत मोठी सॅक आणि दोन मजबूत पिशव्या न्या. टिन जड असतात, माझी पहिली पिशवी बसस्टॉपवर फाटली आणि टोमॅटोचे डबे रस्त्यावर घरंगळत गेले, एका माणसानं गोळा करून दिले. कोड फोनमध्ये उघडून ठेवा, एखादं आयकार्ड आणि पत्त्याचा कागद जवळ असू द्या.

दारात कोणीतरी नाव विचारतं, खुर्चीवर बसवतं, चहा-बिस्किट देतं. चहा घ्या. नको नको म्हणत उभं राहू नका, ती मंडळी मनापासून देतात आणि त्या वेळात ते विचारतात की अजून काय अडचण आहे, भाडं थकलंय का, लाईटच्या प्रीपेड मीटरमध्ये पैसे आहेत का. बऱ्याच ठिकाणी त्याच हॉलमध्ये सल्ला देणारा माणूस बसलेला असतो.

मग एक फॉर्म असतो, काय खाता काय खात नाही. इथे लाजू नका. बीफ नको, पोर्क नको, व्हेज असाल तर व्हेज, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ती, सगळं स्पष्ट सांगा. नाही सांगितलं तर टिनमधलं स्ट्यूड स्टेक येतं, ते बीफ असतं. जेलीच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं, पाकिटावर "सुटेबल फॉर व्हेजिटेरियन्स" आहे का बघायचं. खोलीत शेगडी नसेल, फक्त किटली असेल, तर तेही सांगा, नुसत्या गरम पाण्यावर होणाऱ्या वस्तूंची वेगळी पिशवी बऱ्याच ठिकाणी करून देतात. आणि मुलींनो, सॅनिटरी पॅड मागा. साबण, टूथपेस्ट, शाम्पू पण असतात पुष्कळदा, पण पिशवीत नसले तर मागावे लागतात, मला हे तिसऱ्या वेळी कळलं.

पिशवीत साधारण असतं ते म्हणजे सीरियल किंवा ओट्स, पास्ता, तांदूळ, टोमॅटोचे टिन, बीन्स, चिकपीज, सूप, टिनमधला मासा किंवा मटण, टिनमधली भाजी, फळं, चहा-कॉफी, साखर, बिस्किटं आणि न नासणारं दूध. काही ठिकाणी ताजा ब्रेड, बटाटे-कांदे पण. तुम्ही खात नाही अशी वस्तू आली तर तिथेच परत द्या, दुसऱ्याच्या कामी येते, घरी नेऊन टाकू नका.

तारखांचा गोंधळ करू नका. "यूज बाय" ही सुरक्षिततेची तारीख, ती उलटली की खायचं नाही. "बेस्ट बिफोर" म्हणजे तोवर चव उत्तम, नंतरही बहुतेक वेळा खाता येतं, टिन तर आरामात. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला टिन मात्र टाकून द्यायचा.

त्या पिशवीतून आपलं जेवण

हे मी जरा सविस्तर लिहिते कारण पार्सल हातात आल्यावर पोरं त्यातलं अर्धं "हे आपल्याला जात नाही" म्हणून कपाटात मागे सारतात आणि परत उपाशी. मी पण पहिले दोन दिवस टिन नुसते बघत बसले होते.

जाताना घरून तीन गोष्टी नक्की न्या. मालवणी मसाला किलोभर, सोलं (तिकडे कोकम म्हणून इंडियन दुकानात मिळतात पण महाग), आणि कुळथाचं पीठ जेवढं नेता येईल तेवढं. आईनं दिलेलं तूप, पेढे, खवा, मटणाचं काही, हे बॅगेत घालू नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथे परवानगी नाही, एअरपोर्टवर काढून घेतात. कुळथाच्या पिठीनं मला किती वेळा वाचवलं, दहा मिनिटांत होते, लसणाची फोडणी, पीठ पाण्यात कालवून ओतायचं, दोन सोलं, मीठ, आणि भात. पार्सलमधल्या तांदळाबरोबर हे रात्रीचं पक्कं जेवण.

टोमॅटो सॉसमधल्या सार्डिनचा टिन आला तर घाबरू नका, सार्डिन म्हणजे आपली तारलीच. तेलात लसूण ठेचून, मसाला, थोडं पाणी, दोन सोलं, असेल तर दोन तिरफळं, उकळी आली की मासा अलगद सोडायचा. डावानं ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं, नाहीतर सगळा भुगा होतो. मासा आधीच शिजलेला असतो, पाच मिनिटं बास. बांगड्याचा टिन आला तर तेच. खाऱ्या पाण्यातला असेल तर मीठ घालायच्या आधी चव बघा. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि झाकण ठेवून करा, हॉस्टेलमध्ये फोडणीचा धूर झाला की फायर अलार्म वाजतो आणि अख्खी बिल्डिंग थंडीत खाली उभी राहते.

चिकपीज म्हणजे छोले. आमच्याकडे काळ्या वाटाण्याची आमटी जशी करतात तशीच करायची, खोबऱ्याला तिकडे डेसिकेटेड कोकोनट स्वस्त मिळतं, ते कांद्याबरोबर लालसर भाजून मिक्सर नसेल तर बाटलीनं चिरडलं तरी वाटपाची चव येते. बेक्ड बीन्स प्रत्येक पार्सलमध्ये असतात आणि ते गोड सॉसमध्ये असतात, आपल्याला खरंच जात नाहीत. चाळणीत ओतून नळाखाली धुवायचे, सॉस गेला की आत साधे पांढरे बीन्स, कांदा-मसाल्यावर परतून उसळ करायची, ब्रेडबरोबर चांगली लागते. टोमॅटोच्या टिनचं सार होतं. ओट्स गोड खायचे असं कोणी सांगितलंय, पातळ शिजवून मीठ घातलं की पेज, सोबत लोणचं. सकाळी पेज पिऊन गेलं की अकरा वाजेपर्यंत डोकं चालतं. पास्ता उकडून कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतला की शेवयांच्या उपम्याच्या जवळपास जातो. राईस पुडिंगचा टिन येतो त्यात वेलची टाकली की खीर. न नासणाऱ्या दुधाचं दही पण लागतं, विरजण म्हणून दुकानातलं साधं दही चमचाभर, हीटरजवळ झाकून ठेवायचं.

दोघं-तिघं एकत्र राहत असाल तर एकत्र शिजवा. वीज वाचते, आणि कोण जेवत नाहीये हे लक्षात येतं.

एवढ्यावरच राहू नका

फूड बँक अडीअडचणीसाठी आहे, दर महिन्याच्या किराण्यासाठी नाही. हे मी स्पष्ट सांगतेय कारण "बघा मी महिन्याला किती वाचवतो" असे व्हिडिओ काही मुलांनी टाकले, आणि कॅनडात त्यावरून फार वाईट झालं. तिथे मार्च २०२४ या एका महिन्यात फूड बँकांना २० लाखांहून जास्त भेटी झाल्या, लोक आधीच रांगेत, आणि ब्रॅम्प्टनमधल्या एका फूड बँकेनं तर परदेशी विद्यार्थ्यांना धान्य देणंच बंद केलं. म्हणजे ज्यांना खरी गरज होती ती पोरं पण बाहेर राहिली. हातात खाण्यापुरते पैसे आहेत तोवर जाऊ नका, आणि नसतील तेव्हा मागे राहू नका. आणि तिथे कोणाचा फोटो काढू नका, स्वतःचाही नको.

बाकीचे मार्ग एकत्र धरा. गुरुद्वारात लंगर असतो, कोणीही जावं, डोकं झाकायचं, बूट काढायचे, जमिनीवर बसून जेवायचं, आणि जमलं तर नंतर भांडी घासायला थांबायचं. माझे किती रविवार असे गेले, गरम डाळ-रोटी आणि आपुलकीनं "और लो बेटा" म्हणणारं कोणीतरी. कम्युनिटी पँट्री नावाचा प्रकार असतो, आठवड्याला थोडे पौंड भरून त्याच्या कितीतरी पट सामान स्वतः निवडून घेता येतं, दर आठवड्याची नड असेल तर फूड बँकेपेक्षा हे बरं. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी पिवळ्या स्टिकरचा, म्हणजे किंमत उतरवलेला, माल लागतो. टू गुड टू गो आणि ओलिओ ही ॲप्स टाकून ठेवा, पहिल्यावर दुकानं उरलेलं स्वस्तात देतात, ओलिओवर लोक उरलेलं फुकट देतात. घरातले सगळे फुल-टाइम स्टुडंट असतील तर काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, माफ असतो, बिल आलं म्हणून भरत बसू नका, युनिव्हर्सिटीकडून पत्र घेऊन पाठवा.

जायच्या आधी, आणि हे आईवडिलांनी पण वाचा

व्हिसासाठी ९ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. माझ्या वेळी लंडनबाहेर महिना १,०२३ पौंड होता, जानेवारी २०२५ पासून १,१३६ झाला, लंडनमध्ये १,४८३, नंतर परत वाढला, ताजा आकडा ब्रिटन सरकारच्या साईटवर बघा. आता आपल्याकडे काय होतं, कन्सल्टंट सांगतो की २८ दिवसांपुरते काका-मामांकडून आणा, दाखवा, परत करा, तिकडे गेल्यावर पार्टटाइममध्ये सगळं निघतं. आमच्या कन्सल्टंटनं पण अगदी हेच सांगितलं, वडिलांनी विश्वास ठेवला. निघत नाही. तो आकडा ब्रिटन सरकारनं उगाच ठरवलेला नाही, तेवढं खरंच लागतं. पार्टटाइम मिळायला दोन-तीन महिने जाऊ शकतात, मिळालं तरी जानेवारीत जातं. निदान पहिल्या सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण खरोखर हातात असेल तरच पाठवा. नसेल तर एक वर्ष थांबा. मी हे त्या लोनचे हप्ते अजून भरतेय म्हणून सांगतेय.

घरी सांगायचं कसं

हा भाग मला सगळ्यात जड गेला. आपण चाकरमान्यांच्या घरातले. बाहेर गेलेल्यानं घरी पाठवायचं असतं, मागायचं नसतं, हे आपल्या अंगात मुरलंय. मनीऑर्डरवर आमची चार माणसं वाढली. आजोबा परळला गिरणीत होते, गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि पगार बंद. तेव्हा गावातून एसटीच्या टपावर तांदळाची पोती गेली होती मुंबईला. आजी सांगायची, घरात बियाण्याचं भात ठेवून बाकीचं सडलं, आणि वाडीतल्या प्रत्येक घरानं दोन-दोन पायली घातली. आजोबांनी पत्रात सरळ लिहिलं होतं, खोलीवर तांदूळ नाही. तीन शब्दांत.

मी ते तीन शब्द आईला सांगायला मार्चपर्यंत थांबले. रोज रात्री व्हिडिओ कॉल, "जेवलंस काय गो?" आणि मी "हो". शेवटी सांगितलं तेव्हा आधी ती गप्प झाली, मग तिनं विचारलं, तांदूळ पाठवू काय? मग आम्ही दोघी रडलो. वडील मागून म्हणाले, हे आधी सांगायचं होतंस. बास, एवढंच झालं. मी महिनाभर जे मनात रंगवलं होतं त्यातलं काहीही झालं नाही.

तर मुलांनो, रात्री उशिरा नका सांगू, घरचे झोपत नाहीत मग. रविवारी दुपारी, त्यांचं जेवण झाल्यावर. आधी सांगा की मी ठीक आहे, आज जेवलोय, आणि मी काय केलंय, म्हणजे रेफरल घेतलंय, फूड बँकेत जाऊन आलोय, थोड्या दिवसांची सोय झालीय. मग आकडा सांगा, किती कमी पडतायत आणि कधीपर्यंत. "थोडी अडचण आहे" असं मोघम बोललात तर आई देवाला नारळ बोलते आणि वडील रात्रभर हिशोब करतात.

आणि आईवडिलांनो, लाडू-चिवड्याचं पार्सल कुरिअर करू नका, कुरिअरच्या पैशात तिथे दोन आठवड्यांचा किराणा येतो, तेच पैसे खात्यात टाका. "फुकटचं खायला गेला" असा शब्द चुकूनही काढू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. आणि "जेवलास का" विचारू नका, त्याला उत्तर "हो"च येतं. माझी आई त्या मार्चनंतर वेगळंच विचारायला लागली, कॉल लागला की पहिलं वाक्य तेच, "डबो उघडून दाखव बघया, तांदूळ किती रवलो हा?" आणि मी फोन घेऊन किचनमध्ये जायचे, झाकण काढायचे, कॅमेरा आत धरायचे.